लिस्पमधला फंक्शन कॉल कुठे फसला ते कसे शोधायचे

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत जवळपास सगळेच फंक्शन कॉल असते: कंसात आधी फंक्शनचे नाव, मग त्याला द्यायच्या किमती, म्हणजे आर्ग्युमेंटे. बेरीज कॉल, तुलना कॉल, यादी करणे हाही कॉल. त्यामुळे चूक कुठलीही असो, एरर बहुतेक वेळा कॉलचीच येते आणि ती वाचून मूळ कारण लगेच कळतेच असे नाही. कॉल पूर्ण व्हायला काही टप्पे लागतात. आधी रीडर, म्हणजे कोड वाचणारा भाग, कंस जुळवून यादी वाचतो. मग यादीतले पहिले पद पाहून हा मॅक्रो (चालण्याआधी दुसऱ्या कोडमध्ये बदलणारी रचना) आहे, स्पेशल फॉर्म (इफसारखी भाषेतच बांधलेली रचना) आहे की साधे फंक्शन, हे ठरते. साधे फंक्शन असेल तर आर्ग्युमेंटांच्या किमती काढल्या जातात, त्यांची संख्या तपासली जाते, मग फंक्शनचा आतला भाग चालतो आणि शेवटी किंमत परत येते. आपला कॉल यातल्या कोणत्या टप्प्यावर अडला, हे आधी ठरवायचे. ते न ठरवता कोड इकडेतिकडे बदलत बसले की एका चुकीच्या दोन होतात.

पुढची उदाहरणे कॉमन लिस्पची आहेत आणि एरर एसबीसीएल या कंपायलरच्या. स्कीम, रॅकेट, क्लोजर आणि इमॅक्स लिस्प या लिस्पच्या इतर बोली जिथे वेगळ्या वागतात तिथे तसे सांगितले आहे. भाषेचे मूळ शब्द आणि आकडे इथे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते लॅटिन लिपीतच लिहावे लागतात. फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची आपली नावे मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात, फाइल यूटीएफ-८ असली की झाले.

सगळ्या लेखात यादीची सरासरी काढणारे हेच छोटे फंक्शन वापरू. डिफन म्हणजे फंक्शनची व्याख्या, अप्लाय म्हणजे यादीतली पदे आर्ग्युमेंटे म्हणून देऊन फंक्शन चालवणे, लेंग्थ म्हणजे यादीची लांबी, आणि #' म्हणजे त्या नावाचे फंक्शन:

(डिफन सरासरी (आकडे)
  (/ (अप्लाय #'+ आकडे)
     (लेंग्थ आकडे)))

आधी एररचे शब्द वाचा

कॉमन लिस्पमध्ये ‘व्हेरिएबल अमुक इज अनबाउंड’ आणि ‘फंक्शन अमुक इज अनडिफाइन्ड’ या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली म्हणते, हे नाव किंमत म्हणून वापरले पण त्याला किंमत नाही. दुसरी म्हणते, हे नाव कंसात पहिल्या जागी आहे पण त्या नावाचे फंक्शन नाही. म्हणजे नाव कोणत्या जागी वाचले गेले ते एररच सांगते. जिथे आपल्याला फंक्शन हवे होते तिथे ‘व्हेरिएबल अनबाउंड’ आले, तर कंस कमी पडला आहे किंवा चुकीच्या जागी आहे. उलट झाले तर कंस जास्त आहे.

याचा नेहमी दिसणारा नमुना कॉन्डमध्ये, म्हणजे अटींच्या शाखा असलेल्या रचनेत, सापडतो:

(कॉन्ड (> क्ष ५) 'मोठा)

यावर लिस्प म्हणते की ‘>’ हे व्हेरिएबल अनबाउंड आहे. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटते, पण कॉन्डची प्रत्येक शाखा ही स्वतःच एक यादी असते आणि तिचे पहिले पद ही अट. इथे अट झाली नुसते ‘>’. बरोबर लिहायचे तर:

(कॉन्ड ((> क्ष ५) 'मोठा))

इमॅक्स लिस्पमध्ये हाच भेद ‘सिम्बॉल्स व्हॅल्यू अॅज व्हेरिएबल इज व्हॉइड’ आणि ‘सिम्बॉल्स फंक्शन डेफिनिशन इज व्हॉइड’ या शब्दांत येतो. स्कीम आणि क्लोजरमध्ये फंक्शन आणि व्हेरिएबल यांची नावे एकाच कोठारात राहतात, म्हणून तिथे हा भेद मिळत नाही. तिथे वेगळी तक्रार येते: रॅकेट ‘अॅप्लिकेशन: नॉट अ प्रोसिजर’ म्हणते, गाइल ही स्कीमची एक आवृत्ती ‘राँग टाइप टू अप्लाय’ म्हणते, आणि क्लोजर सांगते की अमुक क्लास ‘आयएफएन’मध्ये कास्ट होत नाही. तिन्हींचा अर्थ एकच. पहिल्या जागी जे आले ते फंक्शन नाही.

कंस: संख्या आणि जागा

कंस कमी असेल तर फाइल वाचतानाच ‘एंड ऑफ फाइल’ येते आणि बोट दाखवले जाते फाइलच्या शेवटाकडे. चूक तिथे नसते. इमॅक्समध्ये चेक-पॅरेन्स ही कमांड चालवा, किंवा पूर्ण फाइलचे इंडेंटेशन पुन्हा करून घ्या. जी डिफन डाव्या कडेला चिकटून न राहता आत सरकली, तिच्या आधीच्या डिफनमध्ये कंस बंद करायचा राहिला आहे.

संख्या बरोबर आणि जागा चूक, हे जास्त त्रासाचे. रीडरची काही तक्रार नसते:

(डिफन सरासरी (आकडे)
  (/ (अप्लाय #'+ आकडे
            (लेंग्थ आकडे))))

अप्लायचा कंस एक पद उशिरा बंद झाला. आता लेंग्थची किंमत अप्लायचे शेवटचे आर्ग्युमेंट झाली. अप्लायला शेवटी यादी लागते, मिळाला आकडा, म्हणून तीन पदांची यादी दिली असेल तर एरर येते ‘३ ही किंमत लिस्ट प्रकाराची नाही’. एरर अप्लायची आहे, म्हणून माणूस यादी तपासत बसतो. पण एडिटरने केलेले इंडेंटेशन पाहा: लेंग्थची ओळ ‘/’च्या आर्ग्युमेंटांखाली न येता अप्लायच्या आर्ग्युमेंटांखाली गेली आहे. म्हणून लिस्पमध्ये इंडेंटेशन हाताने कधीच करायचे नाही. एडिटरला करू द्या आणि तो ओळ कुठे ठेवतो ते वाचा. कंस मोजायची वेळ आली तर समजा की एडिटर नीट लावलेला नाही.

पहिल्या जागी नको ते

(सरासरी (४ ८ ६))

एसबीसीएल याला ‘इलीगल फंक्शन कॉल’ म्हणते. ४ हे फंक्शन समजून ते ८ आणि ६ वर चालवायचा हा हुकूम झाला. यादी जशीच्या तशी द्यायची असेल तर कोट, म्हणजे तिच्या आधी ' हे चिन्ह, हवे: (सरासरी '(४ ८ ६)), उत्तर ६.

पण कोट लावले की आतले काहीच चालत नाही:

(सरासरी '(४ (+ ५ ३) ६))

इथे + ला दुसरे आर्ग्युमेंट म्हणून ८ मिळत नाही, ‘(+ ५ ३)’ ही तीन पदांची यादी मिळते, आणि एरर येते की ती नंबर प्रकारची नाही. एररमध्ये किमतीच्या जागी आपलाच न चाललेला कोड छापलेला दिसला की कोट जास्त झाले आहे असे समजा. अशा वेळी (लिस्ट ४ (+ ५ ३) ६) लिहायचे.

याचा भाऊ म्हणजे व्हेरिएबलभोवती सवयीने घातलेला कंस: (इफ (तयार) ...). तयार हे व्हेरिएबल असेल तर हा त्या नावाच्या फंक्शनचा कॉल होतो. इतर भाषांतून आलेल्यांकडून ही चूक फार होते, कारण तिथे जादा कंस निरुपद्रवी असतात. लिस्पमध्ये निरुपद्रवी कंस नावाची गोष्टच नाही.

नाव सापडत नाही

‘अनडिफाइन्ड फंक्शन’ आले की पहिला संशय टायपिंगवर. (अप्रोपोस "सरास") चालवा. त्या अक्षरांची सगळी नावे, ती कोणत्या पॅकेजात (नावांच्या गटात) आहेत आणि त्यांना फंक्शन जोडलेले आहे का, हे छापून येते. नाव बरोबर असूनही एरर येत असेल तर पुढची कारणे या क्रमाने तपासा.

व्याख्या लोडच झाली नसेल. फाइलमध्ये डिफन लिहिली, पण चालू सत्रात ती पाठवली नाही. (एफबाउंडपी 'सरासरी) ने निल (लिस्पचे ‘नाही’; रिकामी यादीही तीच) दिले तर हेच.

पॅकेज वेगळे असेल. एररमध्ये नावाआधी काय छापले आहे ते नीट पाहा. फंक्शन ‘हिशेब’ पॅकेजात आहे आणि एरर म्हणते की ‘कॉमन-लिस्प-यूझर::सरासरी’ नाही, तर ही दोन वेगळी सिम्बॉल (लिस्पने साठवलेली नावे) आहेत, अक्षरे सारखी असली तरी. (हिशेब:सरासरी ...) असा पूर्ण नावाने कॉल करा. नाव एक्स्पोर्ट केलेले (बाहेर वापरायला खुले) नसेल तर एका कोलनवर तशी तक्रार येते. दोन कोलन लावून चालते, पण ते तपासापुरते. इथे एक खोच आहे: चुकीच्या पॅकेजात नाव एकदा टाइप केले की ते सिम्बॉल तिथे तयार होते, आणि मग यूझ-पॅकेज केल्यावर (दुसऱ्या पॅकेजातली नावे आत आणल्यावर) नावांची टक्कर झाल्याची एरर येते. डीबगर तिथे पर्याय देतो; हव्या त्या पॅकेजातले सिम्बॉल निवडा, किंवा चुकून झालेले आधी अनइंटर्न करा, म्हणजे काढून टाका.

फंक्शन व्हेरिएबलमध्ये असेल. हे कारण इतके वारंवार येते की त्याची खूण पाठ असावी:

(डिफन दोनदा (क्रिया क्ष)
  (क्रिया (क्रिया क्ष)))

कंपाइल करताना दोन इशारे एकत्र येतात: क्रिया हे व्हेरिएबल वापरलेच नाही, आणि क्रिया हे फंक्शन अनडिफाइन्ड आहे. एकाच नावाबद्दल हे दोन्ही आले की दुसरे काही शोधूच नका. कॉमन लिस्पमध्ये फंक्शन आणि व्हेरिएबल यांची नावे वेगवेगळ्या कोठारांत असतात, म्हणून व्हेरिएबलमधले फंक्शन फनकॉलने चालवायचे:

(डिफन दोनदा (क्रिया क्ष)
  (फनकॉल क्रिया (फनकॉल क्रिया क्ष)))

आणि कॉल करताना (दोनदा #'- ...) असे #' लावून द्यायचे. १९८८मध्ये रिचर्ड गॅब्रिएल आणि केंट पिटमन यांनी या दोन पद्धतींना लिस्प-१ आणि लिस्प-२ अशी नावे दिली; स्कीम आणि क्लोजर लिस्प-१, कॉमन लिस्प आणि इमॅक्स लिस्प लिस्प-२. लिस्प-१मध्ये फनकॉलची कटकट नाही, पण तिचा मोबदला दुसरीकडे द्यावा लागतो. पॅरामीटरला ‘लिस्ट’ असे नाव दिले आणि आत (लिस्ट १ २) लिहिले, तर पॅरामीटरमधली यादीच फंक्शन म्हणून चालवायचा प्रयत्न होतो. कॉमन लिस्पमध्ये तेच बिनधोक चालते.

स्थानिक फंक्शन फ्लेटने बनवले असेल. फ्लेटमधले फंक्शन स्वतःला हाक मारू शकत नाही, आणि शेजारच्यालाही नाही. त्याच नावाचे बाहेर काही नसेल तर अनडिफाइन्ड येते. बाहेर असेल तर ते मुकाट्याने चालते, आणि ते अधिक वाईट. रिकर्शन हवे असेल तर लेबल्स वापरा.

मॅक्रो उशिरा आला असेल. मॅक्रोचा वापर असलेले फंक्शन आधी कंपाइल झाले आणि मॅक्रोची व्याख्या नंतर आली, तर त्या जागी साध्या फंक्शनचा कॉल कंपाइल होऊन बसतो. मॅक्रो फाइलमध्ये वर न्या आणि वापरणारी सगळी फंक्शने पुन्हा कंपाइल करा. नुसता मॅक्रो पुन्हा लोड करून उपयोग नाही. तसेच मॅक्रो हा फंक्शन म्हणून देता येत नाही: (अप्लाय #'अँड यादी) चालणार नाही, तिथे (एव्हरी #'आयडेंटिटी यादी) हवे.

आर्ग्युमेंटांची संख्या

(सरासरी ४ ८ ६) वर ‘इनव्हॅलिड नंबर ऑफ आर्ग्युमेंट्स: ३’ येते. हा आकडा आपण किती दिले त्याचा, किती हवेत त्याचा नाही. किती हवेत ते (डिस्क्राइब 'सरासरी) मध्ये लॅम्डा-लिस्टच्या, म्हणजे पॅरामीटरांच्या यादीच्या, ओळीत दिसते. स्लाइम या इमॅक्समधल्या लिस्प साधनात नाव टाइप करून स्पेस दाबली की तीच यादी खाली उमटते. रॅकेट एररमध्येच अपेक्षित आणि दिलेले असे दोन्ही आकडे देते, ही चांगली सोय आहे. एसबीसीएलला फंक्शन आधीच माहीत असेल तर कंपाइल करतानाच इशारा मिळतो, म्हणून इशाऱ्यांवरून नजर पुढे नेऊ नका.

फनकॉल आणि अप्लाय यांची अदलाबदल इथेच होते. (फनकॉल #'+ '(४ ८ ६)) मध्ये + ला एकच आर्ग्युमेंट मिळते, तेही यादी. (अप्लाय #'+ ४ ८ ६) मध्ये शेवटचे आर्ग्युमेंट यादी नाही. (अप्लाय #'+ ४ '(८ ६)) मात्र चालते. आर्ग्युमेंटे सुटी असतील तर फनकॉल, यादीत असतील तर अप्लाय. आपल्या सरासरीत अप्लाय आहे खरा, पण मानकाने एका कॉलमध्ये किमान ५० आर्ग्युमेंटांचीच हमी दिली आहे. एसबीसीएलची मर्यादा फार मोठी आहे, तरी लांब यादी येणार असेल तर (रिड्यूस #'+ आकडे) जास्त सुरक्षित.

ऑप्शनल (न दिले तरी चालणारे) आणि कीवर्ड (नावाने द्यायचे) पॅरामीटर एकाच फंक्शनमध्ये असले की सापळा तयार झालाच. भाषेतलेच उदाहरण घ्या:

(रीड-फ्रॉम-स्ट्रिंग "एक दोन" :स्टार्ट ३)

उत्तर ‘दोन’ यायला हवे, येते ‘एक’. कारण या फंक्शनला स्ट्रिंगनंतर दोन ऑप्शनल आहेत. :स्टार्ट पहिल्यात गेले, ३ दुसऱ्यात, आणि कीवर्डपर्यंत काही पोचलेच नाही. आधी दोन्ही ऑप्शनल भरावे लागतात: (रीड-फ्रॉम-स्ट्रिंग "एक दोन" टी निल :स्टार्ट ३). आपल्या फंक्शनांत हे मिश्रण करूच नये.

प्रकार आणि क्रम

‘अमुक किंमत तमुक प्रकाराची नाही’ या एररमध्ये किंमत आणि प्रकार दोन्ही वाचा. यादी दिसते आहे आणि हवी होती शून्य किंवा मोठी पूर्ण संख्या, तर क्रम उलटा झाला आहे. एनटीएचला आधी क्रमांक मग यादी लागते, ईएलटीला आधी यादी मग क्रमांक. गेटहॅशला आधी किल्ली मग टेबल. यात तर्क शोधू नका, डिस्क्राइब पाहा.

किंमत निल असेल तर मात्र एररच्या जागी काहीच दुरुस्त करू नका. निल कुठून तरी आले आहे: न सापडलेली किल्ली, रिकामा फाइंड, एल्स नसलेला इफ, खोटा ठरलेला व्हेन. मागे जात निल देणारे पहिले फंक्शन गाठा. निलच्या वाटेने भलतीच एररही निघते. (सरासरी निल) वर प्रकाराची तक्रार येत नाही. रिकाम्या यादीची बेरीज ०, लांबी ०, म्हणून येते ‘डिव्हिजन बाय झीरो’. आणि (सरासरी '(४ ८ ७)) ने १९/३ दिले तर ती चूक नाही. कॉमन लिस्प पूर्णांकांच्या भागाकाराचा अपूर्णांक अचूक ठेवते. दशांश हवा तर (फ्लोट ...) मध्ये गुंडाळा.

एरर नाही, पण उत्तर चुकीचे

(- क्ष) म्हणजे उणे क्ष आणि (/ ४) म्हणजे १/४. एखादे आर्ग्युमेंट कंसाबाहेर निसटले तर इथे एरर येत नाही, उत्तर तेवढे बदलते. (मेंबर "अ" '("अ" "ब")) निल देते, कारण तुलना ईक्यूएलने होते आणि ते दोन वेगळ्या स्ट्रिंग एकच मानत नाही. स्ट्रिंगसाठी :टेस्ट #'ईक्वल द्यावे लागते. हॅश टेबलचेही तेच, फक्त तिथे टेस्ट टेबल बनवताना द्यायची. (सॉर्ट यादी #'<) मूळ यादी मोडते, म्हणून परत आलेली किंमत साठवली नाही तर यादीचा तुकडाच हाती राहतो: (सेटफ यादी (सॉर्ट (कॉपी-लिस्ट यादी) #'<)).

अशा वेळी ट्रेस कामाला येतो:

(ट्रेस सरासरी)

०: (सरासरी (४ ८ ६))
०: सरासरी रिटर्न्ड ६

आत काय गेले आणि बाहेर काय आले ते दोन ओळींत दिसते. आत गेलेलेच चुकीचे असेल तर दोष कॉल करणाऱ्याचा, म्हणून ट्रेस एक पायरी वर लावा. आत बरोबर आणि बाहेर चूक असेल तर फंक्शनच उघडा. मॅक्रो आणि इनलाइन झालेली (कॉलच्या जागीच भरली गेलेली) फंक्शने ट्रेसमध्ये येत नाहीत. वेगाचे डिक्लेरेशन डीबगपेक्षा वरचे असेल तर स्वतःला केलेले कॉलही गळू शकतात. काम झाले की (अनट्रेस).

मधली किंमत पाहायला प्रिंट वापरायचा तर एक काळजी घ्या. प्रिंट आपले आर्ग्युमेंटच परत देते, म्हणून (/ (प्रिंट (अप्लाय #'+ आकडे)) (लेंग्थ आकडे)) असे कुठेही गुंडाळता येते. पण फंक्शनच्या शेवटी (फॉरमॅट टी ...) टाकले तर ते निल परत देते आणि फंक्शनची किंमतच निल होते. तपासायला घातलेल्या ओळीमुळे नवीच एरर उभी राहिली, असे होते ते यामुळे. कॉल मॅक्रोचा असेल तर प्रिंटऐवजी (मॅक्रोएक्स्पांड-१ '(...)) करून प्रत्यक्ष कोणता कोड चालतो ते पाहा.

डीबगरात उतरल्यावर

एरर आली की डीबगर उघडतो. घाबरून लगेच अबॉर्ट करू नका. कार्यक्रम तिथेच थांबलेला असतो, सगळ्या किमती जाग्यावर असतात. आधी फाइलच्या सुरुवातीला हे घालून कोड पुन्हा कंपाइल केलेला असावा:

(डिक्लेम (ऑप्टिमाइझ (डीबग ३)))

हे नसेल तर सगळी स्थानिक व्हेरिएबले दिसतीलच असे नाही, आणि टेल कॉलमुळे (फंक्शनचे शेवटचे काम असलेल्या कॉलमुळे) मधल्या फ्रेमही (एकेका चालू कॉलच्या नोंदी) गायब असू शकतात. मग ‘बॅकट्रेस’ द्या, म्हणजे कॉलांची साखळी दिसते. वरच्या फ्रेम लिस्पच्या स्वतःच्या असतात. वरून खाली येताना आपल्या फंक्शनचे पहिले नाव दिसेल ती फ्रेम महत्त्वाची. ‘डाउन’ने तिथे जा, ‘एल’ दाबून त्या फ्रेममधल्या किमती पाहा. स्लाइममध्ये फ्रेमवर ‘टी’ दाबले की किमती आणि ‘व्ही’ दाबले की सोर्समधली जागा उघडते.

अनडिफाइन्ड फंक्शनच्या एररवर एसबीसीएल काही पर्याय क्रमांकासह देते: पुन्हा कॉल करून पाहा, दुसरे फंक्शन वापरा, किंवा कॉल न करता किंमत द्या. एडिटरच्या दुसऱ्या खिडकीत व्याख्या दुरुस्त करा, कंपाइल करा आणि पुन्हा कॉल करण्याचा पर्याय निवडा. बराच वेळ चाललेले काम सुरुवातीपासून करावे लागत नाही.

दुरुस्ती करूनही जुनेच वागणे दिसत असेल तर फंक्शन कुठे साठवले आहे ते शोधा. टेबलमध्ये किंवा व्हेरिएबलमध्ये #'सरासरी ठेवले असेल तर तिथे त्या वेळचे फंक्शन बसले आहे. डिफन नव्याने चालवली तरी टेबल जुनेच चालवत राहते. 'सरासरी असे नुसते सिम्बॉल ठेवले तर फनकॉल दर वेळी चालू व्याख्या शोधतो. कोड अजून बदलतो आहे तोवर सिम्बॉलच ठेवा. फक्त फ्लेट आणि लेबल्समधल्या फंक्शनांना हा मार्ग नाही, कारण सिम्बॉलवरून फनकॉल फक्त जागतिक व्याख्याच शोधतो. तिथे #' शिवाय पर्याय नाही, आणि बदल केल्यावर टेबल पुन्हा भरावे लागते.